पहिली मिरची सिस्टरांची

मी फिकं खाणारी बाई. आणि मी लग्न केलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्याशी, मिरच्या पिकवणाऱ्याशी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढे मी चिडून काही बोलले तर कुणी मला बोल लावू नये.

लोक फोनमध्ये वेळ बघायला लागले आणि आमच्या ह्यांचं दुकान बसलं. शटर ओढून घरी आले ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. माणूस भांडला तर निदान घरात असल्यासारखं वाटतं. हे नुसते भिंतीकडे बघायचे. जेवलात का विचारलं की म्हणायचे, "जेवलो वाटतं." मला तर धडकीच भरली होती.

अशात एक दिवस मागच्या गल्लीतल्या सिस्टर आल्या. पूर्वी नर्स होत्या, निवृत्त होऊन जमाना झाला, पण सगळे अजून सिस्टरच म्हणतात. ह्यांनी दुकानात शेवटचं दुरुस्त केलेलं घड्याळ त्यांचंच. त्यांनी पत्र्याच्या डब्यात लावलेलं एक रोप ह्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "घड्याळभाऊ, ही मिरची. फार जहाल आहे म्हणतात. तुम्ही सांभाळा."

दुसऱ्या दिवशी बघते तर हे डोळ्याला भिंग लावून रोपाची पानं बघतायत. आठवड्याभरात गच्चीवर चार कुंड्या आल्या, वर्षाभरात गच्ची भरली. वाळत घालायला मला एक दोरी उरली, तीही मी भांडून मिळवलेली.

मग ह्यांच्या डोक्यात आलं की स्वतःची मिरची काढायची. सिस्टरांच्या मिरचीचा जाळ आणि दुसऱ्या एका मिरचीचा फळासारखा वास, दोन्ही एकीत हवं. त्यासाठी कळी उमलायच्या आत घड्याळाच्या चिमट्याने तिच्यातले परागाचे तंतू उपटायचे, दुसऱ्या झाडाचे पराग तिला लावायचे आणि वर जाळीची पिशवी बांधायची, म्हणजे मधमाश्या लुडबुड करणार नाहीत. पिशवीतल्या मिरचीच्या देठाला लाल दोरा. दोरा म्हणजे बियाण्याची, हात लावायचा नाही. बाकीच्या मिरच्या सॉस करणाऱ्या बाई घेऊन जायच्या आणि त्यावर आमचं बरं चालायचं. पण हे वाट बघत होते ती दोऱ्याच्या मिरचीची. दर वर्षी त्यातलं चांगलं झाड निवडायचं, त्याचंच बी पेरायचं. कधी जाळ यायचा, वास जायचा. कधी वास यायचा आणि मिरची ढोबळीसारखी मवाळ निघायची. सुईच्या टोकाला लागेल एवढीच जिभेवर घेऊन बघायचे, तरी नंतर अर्धं पातेलं दही संपायचं.

आणि एक नेम होता. पिकलेली पहिली दोऱ्याची मिरची सिस्टरांना. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून द्यायला जायचे. दुसऱ्या दिवशी सिस्टर रस्त्यात भेटल्या की म्हणायच्या, "काय ठसका होता हो कालच्या मिरचीला." हे लाजायचे. मी मनात म्हणायची, म्हातारीचं पोट आहे की भट्टी?

सातव्या वर्षी जमलं. सगळी झाडं एकसारखी, सगळ्या मिरच्यांना तोच वास, तोच जाळ. बियाणेवाल्याने आपणहून मागणी केली. ह्यांनी जुनं बी सगळं पेरून टाकलेलं, त्यामुळे आता जे काही होतं ते नव्या मिरच्यांत. तोडणी झाली आणि झाडांवर बोकड्या पडला. पानं आकसून वाट्यांसारखी झाली. रोग पसरू नये म्हणून झाडं उपटून जाळली. हे म्हणाले, "हरकत नाही, बी घरात आहे." दोऱ्याच्या वाळलेल्या मिरच्या कागदी पिशवीत घालून फ्रिजवर ठेवल्या.

आणि त्याच आठवड्यात आमच्या वन्सं राहायला आल्या, ह्यांची थोरली बहीण. हाताला चैन नसलेली बाई. मी बाजारात, हे गच्चीवर. वन्संनी फ्रिजवरची पिशवी पाहिली, मिरच्या वाया चालल्यात असं वाटलं, आणि मिक्सरमध्ये फिरवल्या. मी परत आले तर आख्खी इमारत जिन्यात उभी राहून खोकत होती आणि वन्संच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"वन्सं, त्यांना दोरे होते ना?"

"होते की. एकेक कात्रीने कापून काढला. म्हटलं, दळताना पात्यात अडकायचे."

हे आले, मिक्सरच्या भांड्यात बघितलं, एकही बी शाबूत नव्हतं. बहिणीला पाणी दिलं, तिच्या डोळ्यांवर ओला पंचा धरला. आणि मग खिडकीजवळच्या त्या खुर्चीत जाऊन बसले. संध्याकाळी विचारलं, "जेवलात का?" म्हणाले, "जेवलो वाटतं."

मी म्हटलं, "अहो, सिस्टरांना यंदाची दिलीत ना? एखादं बी उरलं असेल, विचारा."

"दिलेलं परत मागतात का? आणि त्यांनी ती खाल्ली. ठसक्याचं बोलल्या माझ्याशी."

"मग मी मागते. मला कसली आलीय लाज."

चपला घातल्या आणि निघाले. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं, खाली मान घालून उठल्या आणि कपाटातून काचेची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली. आत मिरच्या, दर वर्षाच्या. सगळ्यांत वर यंदाची, लाल दोऱ्यासकट.

"एकही खाल्ली नाहीत?"

"अगं, मला मिरीसुद्धा सोसत नाही. पण शर्ट घालून येतो तो, त्याला कसं सांगू? आणि टाकवतही नाही." मग हळूच म्हणाल्या, "ते रोपही भाच्याने माझ्या गळ्यात मारलं होतं. मी ते तुमच्या गळ्यात मारलं. त्याला सांगू नकोस."

मी घरी येऊन सगळं सांगितलं. नवऱ्यापासून काही लपवायचं तर पोट दुखतं माझं. ह्यांनी बरणी खिडकीच्या उजेडात धरून एकेक लाल दोरा मोजला. वाटलं, मन दुखावलं. मग हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"बरं झालं बाई त्यांना तिखट सोसत नाही," म्हणाले. "सोसलं असतं तर मी या खुर्चीतच राहिलो असतो गं."

वरच्या मिरचीतून चिमूटभर बी निघालं. सगळं रुजलं. वन्संनी फोनवर रोज विचारून नाकी नऊ आणले, पण तेही चालतं. ते रोप आमच्या गळ्यात मारणाऱ्या त्या बाईचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

यंदा पहिली मिरची पिकली तेव्हा हे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले आणि मीही बरोबर गेले. सिस्टरांनी दोन्ही हातांनी मिरची घेतली, आमच्या समोरच बरणीचं झाकण उघडलं आणि आत टाकली.

"काय ठसका आहे हो यंदा," त्या म्हणाल्या.

"आहेच," हे म्हणाले, आणि लाजले.