मेंढपाळाचे दोन कुत्रे

मिनल ओव्हाळला स्वस्थ बसणं ठाऊक नाही. चहा उकळेपर्यंत ती ओट्यावरच्या डब्यांच्या जागा बदलते, सिग्नलला थांबली की कुठली रांग आधी हलेल याचा अंदाज बांधते. तिचे वडील ज्ञानदेव तीस वर्षं पिंपरीत मशीनपुढे उभे राहून रिटायर झाले. ते म्हणतात, "हिला कंपनीनं पगार दिला नसता तरी हिनं हेच केलं असतं." हेच म्हणजे चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत स्टॉपवॉच घेऊन लाइनवर उभं राहायचं, कुणाला किती सेकंद लागतात ते लिहायचं, आणि एक घामाघूम तर दुसरा मोकळा असं होणार नाही अशी कामं वाटून द्यायची.

आणि रविवारी बाई राक्षस चालवतात.

चऱ्होलीच्या तिच्या फ्लॅटमध्ये सकाळी दहाला जेवणाच्या टेबलावर फासे पडू लागतात. खेळणारा प्रत्येक जण एकेक पात्र होतो, आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगतो, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. बाकीचं सगळं जग, म्हणजे डोंगर, दरोडेखोर, पाऊसपाणी आणि मुख्य म्हणजे नियम, गेम मास्टरच्या हातात. गेम मास्टर अर्थात मिनल. या खेळाच्या इंग्रजी पुस्तकातले नियम तिला पटेनात, म्हणून तिने स्वतःचे दोनशे पानी वहीत लिहिले. त्या वहीत लिहिलेल्यापेक्षा खोडलेलंच जास्त आहे.

टेबलाला तिघं असतात. वाकडचा सनी, आयटीतला, झाला तलवारबहाद्दर सरदार. बँकेतली तनुजा, जी तोंड उघडण्याआधी तीनदा विचार करते, ती वैद्य. आणि बिरू. हा मिनलच्याच लाइनवर चार नंबरच्या स्टेशनला, म्हणजे चौथ्या कामाच्या जागी असतो आणि कुरुळीत खोली करून राहतो. कॅन्टीनमध्ये तिच्या हातात वीस बाजूंचा फासा बघून त्याने "ह्ये काय हाय, मॅडम?" म्हणून विचारलं, आणि पुढच्याच रविवारी तो दारात हजर. त्याने पात्र घेतलं मेंढपाळाचं, एक काठी आणि दोन कुत्रे. सनी तेव्हा हसला होता.

वर्षभराने हसायची पाळी बिरूची आली. नियम असा होता की खाली पडलेल्याला उठण्यातच आपली पाळी घालवावी लागते. बिरूने एक कुत्रा राक्षसाच्या पायात सोडला. राक्षस पडला. उठला, तर दुसरा कुत्रा पायात. तोवर पहिल्याने दम खाल्लेला. मिनलने तीन आठवडे खपून रचलेला, गावंच्या गावं गिळणारा राक्षस एक फटकाही न मारता नुसत्या उठाबशा काढून मेला. बिरू तर खुर्चीवरून उठून नाचलाच.

"भावा, आम्ही काय इथं टाळ्या वाजवायला येतो का?" सनी म्हणाला.

मिनलने सवयीने मोबाइलवर वेळ लावली होती. त्या सकाळी बिरू एकतीस मिनिटं खेळला, सनी नऊ, तनुजा सहा. झालं, सोमवारपासून तिच्या डोक्याला भुंगा लागला. बुधवारी तिने वही काढली, जुनी ओळ खोडली आणि ग्रुपवर टाकलं की मेंढपाळाला यापुढे एका लढाईत एकच कुत्रा सोडता येईल. बिरूने त्यावर होकाराचा अंगठा टाकला.

पुढच्या रविवारी टेबलावर मांडलेल्या नकाशात, मोडक्या कठड्याच्या पुलावर, दुसरा राक्षस आला. सनीची तलवार चालली, तनुजाने दोघांना मरणाच्या दारातून परत आणलं, आणि वेळ निघाली चौदा, पंधरा, चौदा. इतकं नेटकं वाटप मिनलला लाइनवरही कधी साधलं नव्हतं. पण तिचं मन काही लागेना. राक्षस अगदी कठड्याला टेकलेला असताना बिरूने तिकडे एकदा पाहिलं, आपल्या कुत्र्याच्या सोंगटीकडे पाहिलं, आणि मग म्हणाला, "काठी मारतो."

लाइनवर घड्याळ निघालं की हात असेच चालतात. चुकत नाहीत, थांबत नाहीत, फक्त हातचं राखून चालतात. कारण जो आज बावीस सेकंदांत करून दाखवेल त्याच्याकडून उद्यापासून रोज बावीसच मागितले जातात. हे मिनलला लांबूनही ओळखू येतं आणि त्याचा तिला कधी राग आला नाही. पण या टेबलावर हा माणूस वर्षभर काहीही न राखता खेळला होता, तेही घड्याळवाल्या बाईसमोर! ते तिच्या लक्षात आलं ते आज, तो मोकळेपणा गेल्यावर. तिला स्वतःची शरम वाटली.

सनी आणि तनुजा गेले. बिरू दारात बूट घालत होता.

"बिरूभाऊ, पुलावर कुत्रा का नाही सोडलात?"

"सुचलं न्हाई, ताई."

"खोटं. कठड्याकडे बघत होतात तुम्ही."

बिरूने लेस बांधून होईपर्यंत मान वर केली नाही. "व्हय, बघितलं. ढकलला असता तर गेला असता खाली."

"मग?"

"मग बुधवारी ग्रुपवर आलं असतं, पुलावर कुत्रा चालत न्हाई."

मिनलला हसू आलं नाही. "दुसरा कुत्रा परत घ्या. आत्ता लिहिते वहीत. आणि यापुढे तुमचं काही कापणार नाही, शब्द देते."

बिरू हसला. त्या हसण्यात राग नव्हता, उलट तिला वाईट वाटू नये अशी काळजीच होती. "ताई, ह्ये तुमी लाइनवर बी म्हंता."

म्हणाली होती. जानेवारीत, त्याच्याच स्टेशनपाशी, घड्याळ सुरू करायच्या आधी. नुसतं बघतेय, रोजच्या नगांचा आकडा वाढणार नाही. पुढच्या महिन्यात आकडा वाढला, आणि तो कागद तिनेच टाइप केला होता.

"येतो मग रविवारी," बिरू म्हणाला आणि जिना उतरला.

तो येणार याची तिला खात्री होती. कामावरही तो कधी खाडा करत नसे.