न केलेला समुद्रप्रवास

मूर्खपणा करायला फार लांब जावं लागतं, असा तुमचा समज असेल तर ऐका. मी तो ठाण्यातच, कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, पगडी घालून केला.

त्या काळी आमच्या वाचनालयात दर शनिवारी व्याख्यान होई. माझं पहिलं व्याख्यान ‘गृहस्थाची कर्तव्यं’ या विषयावर झालं. शेवटी मी आणि अध्यक्ष असे दोघेच उरलो, त्यातले अध्यक्ष झोपले होते. तेव्हा दुसऱ्या खेपेला विषय लांबचा घ्यायचं ठरवलं. साहेबाच्या रद्दीत एक इंग्रजी मासिक सापडलं होतं. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर गेलेल्या पाहुण्याने काय काय पाहावं, याचं त्यात मोठं बहारदार वर्णन होतं.

पण ‘पाहुणा जातो, पाहुणा पाहतो’ असं किती वेळ सांगणार? मी सरळ ‘मी’ म्हणून सांगायला लागलो. मी होडीतून उतरलो. गुळगुळीत खडकावरून, धबधब्याच्या पाण्याबरोबर घसरत थेट खालच्या डोहात पडलो. पाणी इतकं गार की पाठ शहारली. मग तिथल्या पाटलाने मला चटईवर बसवून नारळाच्या करवंटीतून एका मुळीचं पेय दिलं. हा तिथे पाहुण्याचा सर्वांत मोठा मान. मुळी गावातल्या पोरी आधी चावून मऊ करतात, मग पाण्यात कालवतात.

सभा चित्रासारखी बसली होती.

आता यात बिघडलं काय, म्हणाल. बिघडलं हे की सभेत कल्याणचे आबा बसले होते. आमच्या गोदीचं लग्न त्यांच्या मुलाशी ठरलेलं, पंधरा दिवसांवर आलेलं. व्याह्यांवर छाप पडावी म्हणून मीच त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. छाप पडली.

तिसऱ्या दिवशी आबा घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

“समुद्र ओलांडलात, आणि आम्हाला कळवलं नाहीत.”

“आबासाहेब, मी कुठेच गेलो नाही. मासिकात वाचलं.”

“पाणी गार होतं, हेही वाचलंत?”

“तेही.”

“मग पाठ तुमची शहारली की मासिकाची?”

मी पाण्याचा तांब्या पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

“शास्त्रीबोवांना विचारून आलोय,” आबा म्हणाले. “समुद्राला प्रायश्चित्त आहे म्हणाले. पण परक्या पोरींनी चावलेलं प्यायलात, हे ऐकून त्यांनी कानांवर हात ठेवले. हे लग्न होणं कठीण.”

“अहो, मी ठाणं सोडलं असतं तर लोकांना कळलं नसतं का?”

“कळलंच आहे. वैशाखात तीन आठवडे तुम्ही कुणालाही दिसला नाहीत. कचेरीतही नव्हतात. चौकशी केली आहे मी.”

तीन आठवड्यांत सामोआला जाऊन येता येत नाही, हे दाखवायला मी नकाशा उलगडला. आबांनी त्यावर नजर टाकली.

“नकाशाही आणलात वाटतं तिकडून.”

आत गोदी रडत होती. वैशाखातलं खरं कारण माझ्या ओठांवर येऊन परत जात होतं. व्याख्यात्याने सांगावं असं ते नव्हतं.

शेवटी दाराआडून आमचं कुटुंब बोललं. पंचवीस वर्षांत परक्या पुरुषासमोर तिचा आवाज निघाला नव्हता.

“व्याहीबोवांना म्हणावं, वैशाखात हे माजघरात पालथे पडले होते. बसायच्या जागी गळू झालं होतं. एकवीस दिवस पोटीस मी बांधत होते. पलीकडच्या आळीत वैद्यबोवा आहेत, त्यांना विचारा. समुद्र कसला ओलांडतात? उंबरठा ओलांडायलासुद्धा मला हाका मारत होते.”

आबा उठले, वैद्यांकडे जाऊन आले आणि म्हणाले, “वहिनी, पाणी द्या.”

ठरल्या दिवशी कल्याणहून वऱ्हाड आलं. सीमांतपूजनाच्या वेळी आबांनी मला हाताला धरून आपल्या पाहुण्यांपुढे नेलं.

“हे आमचे व्याही. मोठे व्याख्याते आहेत. कुठेही गेलेले नाहीत, आम्ही पक्की खात्री करून घेतली आहे.”

मंडळींनी समाधानाने माना डोलावल्या. ‘बसा’ असं मात्र मला कुणीही म्हटलं नाही.