मामाच्या भाचीचं लग्न

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या पोळ्याच्या दुपारी, परभणीत, ती गल्लीतल्या बायांचे ब्लाऊज शिवत बसली असताना. घरमालक दारात उभा राहून म्हणाला, "ताई, तुळशीच्या लग्नानंतर भाचीचं लगीन हाय. पाव्हणे उतरायला खोल्या लागतात. दिवाळीआधी खाली करा."

आजोबांचं पेडगावात स्वतःचं मातीचं घर होतं. वडील नोकरीसाठी शहरात आले आणि किरायदार झाले. ते गेल्यावर आईनं शिलाईवर किराया भरला. मी पदवीधर, संघटनेची पत्रकं लिहिते. स्वतःच्या घराचा विषय आता आमच्यात कोणी काढतही नाही.

मी भांडायला उठले. आई म्हणाली, "गप बस. लेकीच्या लग्नात आडवं येऊ नये." उलट मालकिणीलाच सांगितलं, "नवरीचं माप द्या, ब्लाऊज मी शिवते." माप काही आलं नाही. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. गिऱ्हाइकं त्याच गल्लीत राहिली.

तुळशीचं लग्न झालं. मालकाच्या दारात मांडव पडला नाही, टेम्पो आला. वरच्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत क्लासच्या पोरांसाठी लोखंडी कॉट लागल्या. आजकाल कुटुंबाला घर द्यायला मालक कचरतात, कॉट परवडतात.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. या माणसाला बहीणच नाही. "मला बहीण न्हाई" म्हणून तर तो दर राखीला आईपुढं हात करायचा. आई म्हणाली, "चुलत असंल एखादी." चुलतही नव्हती. मानलेली एकच, माझी आई. म्हणजे भाची मी.

मी पत्रिका छापली: 'आमच्या मामांनी आमचं घर काढून घेऊन आमचं लग्न ठरवलं आहे. नवरा ठरायचा आहे. जेवण रविवारी, मामांच्या दारी.' घरोघर वाटली. रविवारी गल्लीतल्या बाया आहेर घेऊन त्याच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"मालक, पंगत कवा बसायलीय?" एकीनं विचारलं.

तो माझ्याकडं वळला. "इज्जत काढायलीस का, बाई?"

"मामा, भाचीला बाई म्हणत न्हाईत."

त्यानं दार लावून घेतलं. मला लय बरं वाटलं, आजही वाटतं. घर मात्र परत मिळालं नाही, आणि आईची मशीन दिवसदिवस झाकलेली असते.

तुमच्याही वरच्या मजल्यावर किरायानं दिलेल्या खोल्या असतील. तिथल्या बाईला काढायचं असेल तर खरं कारण तिच्या तोंडावर सांगा, आणि तिला दुसरं घर सापडेपर्यंत थांबा.