पांढऱ्या टेबलाला नीळ

भर दुपारी ट्यूबलाइट लावून मीराबाई हॉलमध्ये बसलेल्या असायच्या. लालबागच्या त्या टॉवरमध्ये पश्चिमेचं ऊन इतकं यायचं की शेजारची वैशाली पापड वाळवायला गच्चीत जायची नाही, घरातच पसरायची. मीराबाईंच्या खिडकीला मात्र दुहेरी पडदा, त्यामागे काचेवर चिकटवलेली काळी फिल्म, आणि एवढ्यानंही भरवसा वाटेना म्हणून पडद्यांच्या फटीला कपड्यांचे चिमटे. टेबल, शोकेस, टीव्हीचं युनिट, सगळ्यावर जुन्या चादरी. कुणी नवखा आत आला असता तर त्याला वाटलं असतं, घरातलं कोणी गेलं की काय. तसं म्हटलं तर गेलंच होतं. मुलगा हितेंद्र आणि सून दर्शना वडाळ्याला भाड्याच्या घरात राहायला गेले होते, आणि भांडण झालं होतं ते उन्हावरून.

मीराबाईंचा सगळा संसार याच जागेवरच्या जुन्या चाळीत, तळमजल्याच्या खोलीत झाला. नवरा गणपत गिरणीत. त्या खोलीत दिवसाही बल्ब लावल्याशिवाय तांदळातले खडे दिसत नसत. गाद्यांना ऊन दाखवायचं तर चौकात जागा धरावी लागे आणि त्यावरून बायकांची जुंपे. चाळ पडली, टॉवर उभा राहिला, पण तो बघायला गणपत राहिला नाही. नव्या घरात पहिल्या दुपारी मीराबाई खिडकीशी उन्हात फरशीवर पाय पसरून ज्या बसल्या, त्या चहाची वेळ टळली तरी उठल्या नाहीत.

दर्शनाने घर हौसेनं लावलं. सगळं पांढरंशुभ्र.

"ह्यो काय दवाखानो केलंस गो?" मीराबाई म्हणाल्या, आणि दोघी खूप हसल्या. तोवर सगळं ठीक होतं.

उन्हाळा सरला आणि एका रविवारी दर्शनाने धूळ पुसायला टेबलावरची फुलदाणी उचलली. फुलदाणीखाली पांढराफेक गोल, आणि भोवतीचं सगळं टेबल हळदीच्या पंच्यासारखं पिवळं. तिने टीव्हीही सरकवला. तिथेही तेच.

"आई, मी तुम्हाला किती वेळा सांगितलं, दुपारी पडदा ओढत जा म्हणून. पांढऱ्या रंगाला ऊन चालत नाही."

ती नीटच बोलली होती. पण मीराबाईंच्या डोक्यात चाळीतली सगळी वर्षं एकदम उसळली. "लाकडासाठी मी परत काळोखात बसू? ज्येका काळोख व्हयो त्येना दुसरीकडे जाऊन रवाचा."

तोंडातून शब्द गेला तो गेला. दर्शना मानी, हितेंद्र आईसारखाच तापट. महिना उलटायच्या आत दोघांनी बॅगा भरल्या. "फर्निचरचं नंतर बघू," एवढंच हितेंद्र दारातून म्हणाला.

त्या 'नंतर'ला मीराबाईंनी घट्ट धरून ठेवलं. सामान इथे आहे म्हणजे माणसं येणार, हा त्यांचा हिशेब. आणि आली की त्यांना सगळं पांढरं दिसलं पाहिजे. म्हणून हे पडदे, ही फिल्म, या चादरी. ज्या उन्हासाठी घर मोडलं, तेच त्या आता दाराखिडक्यांतून हाकलत होत्या. हसावं की रडावं असा प्रकार, पण मीराबाईंना यातलं काहीच येत नव्हतं. त्यांना फक्त भीती वाटत होती.

मग हितेंद्रचा फोन आला. "आई, रविवारी येतो आम्ही. फर्निचरचं बोलायचंय."

मीराबाईंनी रंगारी जयवंतला बोलावून घेतलं. त्याने चादर वर करून टेबलावरून बोट फिरवलं.

"मावशी, हा वरचा मळ नाय. रंगच आतून पिवळा पडलाय. पडदे सुरुवातीलाच लावायचे होते, नायतर टेबल खिडकीपासून लांब ठेवायचं. आता धुऊन काय जात नाय. घासून परत रंग मारायचा, आठ दिवस तरी लागतील."

रविवार परवावर आला होता. जयवंत गेल्यावर मीराबाई कितीतरी वेळ त्या टेबलाकडे बघत राहिल्या. गणपतचे सदरे असेच पिवळे पडायचे, आणि त्यांनी नीळ दिली की गिरणीतले लोक विचारायचे, नवीन शिवला काय. हे आठवलं आणि त्या तशाच चपला घालून दुकानात गेल्या.

बादलीत निळीचे थेंब टाकले, सुती फडकं पिळून टेबलावरून फिरवलं. ओलं असताना टेबल खरंच पांढरं दिसलं. मीराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी शोकेस पुसली, युनिट पुसलं, हात थांबेना. मग सगळं वाळलं. पिवळ्यावर निळं बसून हिरवट ओघळ उमटले होते, सांध्यासांध्यांत नीळ उतरली होती. त्यांनी भांड्यांची पावडर घेऊन घासलं, तर वरची चकाकीच गेली. घासता घासता त्या गणपतला हाका मारत होत्या, देवाला नव्हे.

रविवारी दोघं आली. मीराबाई टेबलाच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, जणू एवढं टेबल पाठीमागे लपणार होतं. दर्शनाने सगळीकडे नजर फिरवली. मीराबाईंनी मान खाली घातली आणि त्या बोलणी खायची वाट बघत राहिल्या.

"आई, असू दे," दर्शना शांतपणे म्हणाली. "त्याचंच सांगायला आलो होतो. हे सगळं तुम्हाला हवं तर ठेवा, नाहीतर कुणाला देऊन टाका. आम्ही तिकडे नवीन घेतलंय."

"तिकडे... म्हणजे आता तिकडेच?"

हितेंद्र जमिनीकडे बघत होता. "हो आई. तिकडेच."

मीराबाईंनी सुनेचा हात धरला. त्यांच्या बोटांना अजून नीळ होती. "माझ्यार रागाव तरी गो. एवढ्या हौसेचा सामान मी नासवलंय. काय तरी बोल माका."

दर्शनाने हात सोडवून घेतला नाही. "कशाला बोलू आई? दमलात तुम्ही. बसा बघू."

तिने त्यांना खुर्चीवर बसवलं. मग स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसला आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन थांबली. त्या घरातला डबान् डबा तिने लावला होता.

"आई," तिने वळून विचारलं, "जरा पाणी घेऊ का?"