वजन जावयाचं, उपास माझे

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं, आणि त्यावरचा इलाज म्हणून उपास मी करत होते. सोमवार आईने लावला, गुरुवार सासूबाईंनी, आणि चतुर्थी माझ्या चुलतीने, कारण तिला कुणाच्या मागे राहायला आवडत नाही. नवऱ्याला मात्र कुणी एकही वार लावला नाही. त्यांचं जालन्यात बियाण्यांचं दुकान. दिवसभर गल्ल्यावर बसून कचोरी खायची आणि रात्री घरी येऊन पुन्हा पोटभर जेवायचं. त्यांच्याकडे बघून लोक म्हणायचे, "अंगानं कसे भरलेत! ह्यांच्यात काय कमी असणार?" म्हणजे जे काही कमी होतं ते माझ्यात.

माझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या तेव्हा कुठे डॉक्टरांनी ह्यांना तपासलं. शुक्राणू कमी होते. अंडकोशाच्या शिरा फुगल्या होत्या आणि त्या बांधायचं लहानसं ऑपरेशन करावं लागणार होतं. "पण आधी वजन उतरवा," डॉक्टर म्हणाले. "चरबीनं पुरुषाचं हार्मोन कमी होतं, भूल द्यायलाही जोखीम वाढते. पंधरा किलो उतरवून या, मग टेबलावर घेतो."

ह्यांना दवाखान्याचा काटाच पटला नाही. तिथून थेट मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, ओळखीच्या आडतीवर जाऊन ते सोयाबीनच्या काट्यावर उभे राहिले. तो काटा आणखी दोन किलो जास्त दाखवत होता. हमाल म्हणाला, "शेठ, पोत्याचं बारदान वजा करायचं का?"

घरी आल्यावर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "ऑपरेशन होईस्तोवर कुणाला सांगू नको." मी कबूल झाले, आणि त्या दिवसापासून माझा जळफळाट सुरू झाला. डोंगराएवढं कारण दिवाणखान्यात सोफ्यावर बसलेलं, आणि मी इकडे साबुदाणा भिजवतेय!

पण माणूस कामाला लागला, हे खरं. सकाळी फिरणं, कचोरी बंद, संध्याकाळी नुसती मुगाची उसळ. पट्टा लावूनही पँट कमरेवर राहीना. "पोराला उपाशी मारून राह्यली," असं सासूबाई शेजारणीला सांगू लागल्या. ठरल्यातलं निम्मं वजन उतरलं, आणि नेमका धोंड्याचा महिना आला.

तीन वर्षांनी येणाऱ्या ह्या अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे असतात. माझी आई तर त्याची वाटच बघत होती. सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून सोमवारी आम्ही भोकरदनला माहेरी गेलो. पाटाभोवती रांगोळी, ताटात चार धोंडे, बाजूला अनारशांचा ढीग. आईने वरून तुपाची धार धरली. हे म्हणाले, "बस, मामी." धार चालूच. "बस बस!" आईला वाटलं, ते नेहमीसारखं लाजूनच म्हणतायत.

मी भिंतीला टेकून माझी साबुदाण्याची वाटी घेऊन बसले होते. चुलती माझ्याशेजारी होती. ह्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "किती उतरलेत जावईबापू! घरात लेकरू न्हाई, त्याचाच घोर घेतला असंल. तू आता मंगळवार पण धर गं."

मी चमचा वाटीत ठेवला. आता मी काय बोलले असते ते मला माहीत आहे, आणि ते काही चांगलं नव्हतं. तेवढ्यात ह्यांनी ताट पुढे सरकवलं.

"मामी, मला हे चालत न्हाई. डॉक्टरनं वजन उतरवायला सांगितलंय. लेकरू होत न्हाई ते माझ्यामुळं. हिच्यात बिलकुल काही कमी न्हाई. वजन उतरलं की माझं ऑपरेशन हाय."

बाबा पाणी पिता पिता थांबले. चुलती म्हणाली, "अगं बाई, पण एवढं भरलेलं अंग..."

"काकू, त्या अंगानंच घोटाळा केला," हे म्हणाले. त्यांचे कान लालभडक झाले होते. इतक्या वर्षांत हा माणूस मला इतका कधीच आवडला नव्हता.

आईने ताट उचललं आणि आत गेली. मला वाटलं, रागावली. ती आतून भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन आली आणि ह्यांच्यापुढे ठेवली. "घ्या जावईबापू. ह्यात तेलाचा नुसता हात लावलाय." मग ते धोंड्यांचं ताट तिने आणून माझ्यापुढे मांडलं आणि माझी साबुदाण्याची वाटी काढून घेतली.

"आई, आज सोमवार हाय."

"मला माहीत हाय. तुझे सोमवार मीच लावले ना? मंग मीच सोडते. जेव."

तिचे डोळे भरले होते. पदराने पुसायचं सोडून तिने तुपाची वाटी उचलली आणि माझ्या धोंड्यांवर धार धरली. मी 'बस' म्हणेपर्यंत ती थांबणार नव्हती. मी बराच वेळ 'बस' म्हणालेच नाही.