हॉटस्पॉटवरचं आडनाव

"खोटं सांगून देवघरापर्यंत आलास तू माझ्या!"

काका असे ओरडले की बड्या फुहाऱ्याच्या चौकातल्या कापड दुकानांतले तागे आपोआप उलगडले असतील. आमचं दुकान वरच्या मजल्यावर. लॅपटॉप-कॉम्प्युटर दुरुस्तीचं. चार खुर्च्या मावतात, पाचवी आणली की एकानं जिन्यात उभं राहायचं. त्यात त्या वेळी दुकानाचा मालक सेठ, तीन गिऱ्हाइकं, काका म्हणजे चौथं गिऱ्हाईक, त्यांची कॉलेजातली नात आणि मी. सगळे माझ्याकडे पाहत होते.

काकांची एक तऱ्हा होती. जे सगळ्यांना ऐकवायचं ते हिंदीत. जे फक्त माझ्या काळजात उतरवायचं ते मराठीत.

"मेरा लॅपटॉप बरबाद कर दिया इसने!" हे हिंदीत.

"तुमच्या लोकांच्या हाती वस्तू दिली की हेच व्हायचं." हे मराठीत.

मराठी. माझी आई मला जेवायला बोलावते ती भाषा. या हिंदी बोलणाऱ्या शहरात ती कुठे कानावर पडली की मी रस्त्यात वळून पाहतो. त्या दिवशी वळायची गरज नव्हती. ती समोरून अंगावर येत होती.

मी थापाड्या माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी राहतो त्या घमापुरात माझ्या थापा ऐकायला लोक स्वतःहून चहा पाजतात. मेलेला कॉम्प्युटर मी नुसती फुंकर मारून उठवला, हे इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच तसं आठवतं. तेव्हा तागे उलगडले वगैरे, ते माझं. बाकीचं जसं घडलं तसं. त्यात वरून मीठ टाकायला जागाच नाही.

तीन दिवस आधी सेठनं मला काकांच्या घरी पाठवलं होतं. दीक्षितपुऱ्यात. काका सरकारी कचेरीतून साहेब म्हणून रिटायर झालेले, आता लोकांच्या पत्रिका करतात. जन्मवेळ टाकली की कुंडली काढणारा एक जुना प्रोग्राम त्यांच्या लॅपटॉपवर होता. तो फक्त विंडोजवर चालायचा. नातीला कॉलेजसाठी विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स हवं होतं. मशीन एकच. दोन्ही बसवायचं, आणि कुंडल्यांना धक्का लावायचा नाही.

काम नाजूक. भरल्या खोलीत मधे भिंत घालून दुसरा भाडेकरू ठेवायचा, आणि पहिल्याचं भांडंसुद्धा वाजू द्यायचं नाही.

काकांनी सोफ्यावर बसवलं. "मराठी आहेस? वा! मूळ गाव कुठलं?"

"उमरेडकडचे आम्ही."

"अरे, आमची आत्या तिकडेच दिलेली! आडनाव काय?"

हा प्रश्न. इथले हिंदीवाले कधी विचारतात, कधी सोडून देतात. आपला मराठी माणूस प्रेमानं विचारतो, म्हणून चुकवता येत नाही. आधी गाव, मग आडनाव, मग त्याच्या चेहऱ्यावर ऊन नाहीतर ढग. कामाला लागल्यापासून मी एकच उत्तर देत आलो होतो. तेच दिलं.

"आडनाव नाही लावत काका. इकडे सगळे नुसत्या नावानंच ओळखतात."

थाप. माझी सगळ्यात छोटी, आणि सगळ्यात जुनी.

पोहे आले. वर शेव, लिंबाची फोड. काकू म्हणाल्या, "घरचाच समजून खा रे." बैठकीतला विजेचा बोर्ड ढिला होता, म्हणून काका मला देवघराच्या खोलीत घेऊन गेले. तिथे त्यांचं टेबल, पंचांगांची चळत. मी देवांकडे पाठ होऊ नये म्हणून तिरका बसलो. कुंडल्यांची नक्कल पेन ड्राइव्हवर काढली, डिस्कवर जागा मोकळी केली, लिनक्स चढवायला लावलं. आणि लिहायचंच तर खरं लिहितो. त्या उंबऱ्याच्या आत बसून मला बरं वाटत होतं. आपल्याला आत घेतलं, असं वाटत होतं. काकांच्या शिव्यांपेक्षा त्या बरं वाटण्याची मला आज जास्त लाज वाटते.

शेवटी इंटरनेटची गरज पडली. त्यांचं वायफाय सकाळपासून बंद. मी माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला. लॅपटॉपवर आसपासच्या कनेक्शनांची यादी उघडली. सगळ्यात वर माझा मोबाइल. त्याचं नाव मी माझ्या मनानं ठेवलेलं नव्हतं. मोबाइल घेतला त्या दिवशी बाबा शेजारी बसून म्हणाले होते, "फोन आपला हाय नं? मंग नाव पूर्ण टाक." टाकलं होतं. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव.

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाचलं. वाचून झालं तरी वाचत राहिले.

मी चटकन मोबाइल झाकला. झाकायला हवी होती लॅपटॉपची स्क्रीन. पण रोज झाकायची सवय झालेला माणूस ऐन वेळी भलतंच झाकतो.

ते ओरडले नाहीत. "झालं काम?" एवढंच. मी दाखवलं. मशीन सुरू केली की काळ्या पडद्यावर दोन नावं येतात, वर लिनक्स, खाली विंडोज. मशीन दहा सेकंद थांबते. तुम्ही काही नाही सांगितलं तर वरचं उघडते.

"कळलं."

काकू चहा घेऊन येत होत्या. काकांनी त्यांना दारातच हातानं थांबवलं. चहा परत गेला. मी चपला घालत होतो तेव्हा माझी पोह्यांची बशी दिसली. बाकीच्या बशा आत, मोरीत. माझी बाहेर, पायरीवर. एकटी.

चालत घमापुरात आलो. वाटेत ओळखीचा भेटला, त्याला एक थाप मारून हसवलं.

आणि तिसऱ्या दिवशी काका दुकानात. लॅपटॉप काउंटरवर आपटलेला. "चालूच होत नाही! नवंही गेलं, जुनंही गेलं! माझ्या सगळ्या कुंडल्या गेल्या!"

सेठ हळूच म्हणाला, "बेटा, सॉरी बोल दे. बात खतम."

सेठ वाईट नाही. त्याला गिऱ्हाईक पाहिजे. आणि सॉरी माझ्या जिभेच्या टोकावर आलंही होतं. तिथे ते कायमच असतं, पानवाल्याच्या दुकानातल्या चुन्यासारखं, तयार.

पण आधी मी बटण दाबलं. काळा पडदा आला. दोन्ही नावं आली. दहा सेकंदांची मोजणी मात्र सुरूच झाली नाही. निवडीची पट्टी सरसर खाली गेली आणि तळाला बसली. एंटर दाबलं. काही नाही. ही मोजणी एकाच कारणानं थांबते, कुणी कीबोर्डला हात लावला तर. कुणी लावलेला नव्हता. आतल्या आत एक बटण आपोआप दाबलं जात होतं.

मी सगळ्यांसमोर स्क्रू काढले. कीबोर्ड उचलला. खाली पाणी वाळल्याचे पांढरे डाग. कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा. आणि तुळशीचं पान, चिकटलेलं. चिमट्यानं उचलून काउंटरवर ठेवलं. त्या दुकानात मशीनमधून मी काढलेल्या प्रत्येक वस्तूवर कुणीतरी हसतं. त्या पानावर कुणी हसलं नाही.

"पाणी कोणी टाकलं?"

नातीला मराठी समजतं, बोलताना ती अडखळते. ती फरशीकडे पाहत म्हणाली, "भैया गेल्यावर... आजोबांनी ग्वारीघाटचं नर्मदाजल छिडकलं. लॅपटॉपवर पण. खुर्चीवर पण."

"नर्मदेच्या पाण्यानं काही बिघडत नसतं!" काका ओरडले. हे सगळ्यांना ऐकवायचं होतं, पण हिंदीत सांगायचं विसरले.

माझ्या थापांमध्ये अशा वेळी मी गर्जतो. चार माणसं मागे सरकतात. इथे मी नुसता चिमटा पुसत राहिलो. ग्वारीघाटावरच मी पोहायला शिकलो. नाकातोंडातून ते पाणी पोटात घेऊन किती वेळा घरी गेलोय. त्यानं माझं काही धुतलं गेलं नाही आणि काही बिघडलंही नाही. तेच पाणी माझा हात लागला म्हणून खुर्चीवर शिंपडलं होतं.

मी लॅपटॉपच्या कीबोर्डची वायरची पट्टी सोडवली, दुकानातला कीबोर्ड जोडला. मोजणी सुरू झाली. खालचं नाव निवडलं. विंडोज उघडलं. कुंडल्या जिथल्या तिथे. एकही हललेली नव्हती. त्या क्षणी त्या साऱ्या पुसून टाकाव्यात असा विचार मनात आला. दोष पाण्यावर गेला असता. आला होता, म्हणून लिहिलं. पुसल्या नाहीत.

सेठनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "देख, मशीन में काकाजी की गलती. पर नाम छुपाया, उसकी माफी तू मांग ले. बुजुर्ग हैं."

मी काकांकडे पाहिलं. मराठीतच म्हणालो, "मशीन माझ्या हातून बिघडली असती तर पाया पडलो असतो. नावासाठी माफी नाही मागणार."

मग तेच हिंदीत म्हणालो. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

काका लॅपटॉप काखेत मारून गेले. नात जिन्यात क्षणभर थांबली. मग तीही गेली.

दुकानात प्रत्येक मशीनला एक चिठ्ठी लावतात. गिऱ्हाइकाचं नाव, तक्रार, आणि उघडणाऱ्या कारागिराचं नाव. मी त्या दिवशीच्या सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या आणि नव्या लिहिल्या. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव. ठळक अक्षरांत. ज्याला नंतर पाणी शिंपडायचंय त्यानं आधी वाचावं आणि मशीन उचलून घेऊन जावं. मी दहा सेकंद थांबेन. अकरावा नाही. हॉटस्पॉट दुकान उघडल्यापासून चालू असतो, लागो न लागो. काही गिऱ्हाइकं तुटली. सेठ कुरकुरतो. चिठ्ठी मी बदललेली नाही. बदलणार नाही. आणि ज्या घरात माझी बशी पायरीवर जाते, त्या घरातलं पाणीही पिणार नाही.

त्या संध्याकाळचं तेवढं राहिलं. बाबा तोफांच्या फॅक्टरीत मजूर होते. जन्मभर रोज सकाळी गेटवर पूर्ण नावाला हजर म्हणत आत गेले. मी घरी पोचलो तेव्हा भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोखाली, खाटेवर बसून कुकरच्या झाकणाचं रबर बसवत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. पोहे, पान, पाणी. पहिल्यांदाच एकही थाप न मिसळता. आणि शेवटी, मोठ्या शाबासकीच्या आशेनं म्हणालो, "बाबा, आज मी सगळ्यांसमोर चिठ्ठीवर आपलं पूर्ण नाव लिवलं."

बाबांनी रबरावरून नजर उचलली नाही.

"मंग इतके दिवस काय सांगत होता?"