बिनपट्ट्याची पावलं

फोन जुईनेच घेतला. मी स्वयंपाकघरात कैरीच्या फोडींना हळद चोळत होते. बाहेरून तिचा ‘हं... हं’ एवढाच आवाज येत राहिला, मग फोन ठेवल्याचा. हात तसेच घेऊन मी बाहेर आले. “सांगलीहून होता,” ती म्हणाली. “शैलजाताई गेल्या.” आजारपण त्यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. आज काही आठवडे उलटले. पण त्या क्षणी माझ्या पिवळ्या बोटांना येणाऱ्या वासातून सांगलीचा एक अख्खा उन्हाळा वर आला, तो अजून खाली बसलेला नाही.

आठ वर्षांपूर्वीचा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा तो उन्हाळा. जुई सहा वर्षांची होती. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. मेंदूला झालेल्या इजेमुळे पायांचे स्नायू ताठ, आणि ती घाबरली की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकत. साताऱ्यात आमच्या घराजवळच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, “मुलगी हुशार आहे. पण रोज उचलून आणावं लागणारं मूल आम्ही कसं सांभाळणार? जूनमध्ये फाटकापासून वर्गापर्यंत स्वतः चालत आली, तर घेऊ.” त्या ‘तर’ला उराशी धरून मी जुईला घेऊन सांगलीला गेले. हळदीच्या पेठेमागे एक खोली घेतली. सकाळी दार उघडलं की पिवळी, कडवट धूळ आत येई, आणि तिच्यासोबत जून एका दिवसाने जवळ आलेला असे.

फिजिओथेरपिस्ट शैलजाताईंचं केंद्र दोन गल्ल्या सोडून होतं. बुटका बांधा, खणखणीत आवाज, साखर कमी पडलेलं बोलणं. “गोड बोलून स्नायू सैल होत नाहीत, जुईच्या आई,” हे त्यांचं पहिलं वाक्य. एका परदेशी मासिकातली चित्रं बघून त्यांनी औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या कारखान्यातून एक यंत्र करून घेतलं होतं. वर छताला टांगलेलं कॅनव्हासचं जाकीट मुलाचं वजन पेलत असे. पायांना गुडघ्यात वाकणाऱ्या लोखंडी पट्ट्या. मागे मोटार, आणि मोटारीवरून चाकावर गेलेला चामड्याचा पट्टा. मोटार सुरू झाली की चाक फिरे आणि एकेक पाय उचलून पुढे टाकला जाई. मुलांनी त्याचं नाव रोबो ठेवलं होतं. “काय रोबोराव, आज न्याहारी झाली का?” असं विचारून ताई मोटारीत तेल घालत, आणि जाकिटात लटकलेली जुई खुदकन हसे. तेल, तापलेलं चामडं, लोखंडाचा गंज... आणि त्या एकसुरी घरघरीवर डोलणारं माझं मूल. मी भिंतीला टेकून बघत असे. आठवड्याभरात ताईंनी मला खोलीबाहेर काढलं. “तुमच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं. ते वाचून पोर आखडते.”

एका दुपारी मी वेळेआधी पोचले. दाराच्या फटीतून पाहिलं तर मोटार घरघरत होती, जुई पावलं टाकत होती, आणि पट्टा... पट्टा खुंटीला टांगलेला होता. मोटार नुसतीच फिरत होती. जुईला मात्र रोबोच आपल्याला चालवतोय असं वाटत होतं. ताई बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना गाठलं. “तुम्ही तिला फसवताय.”

“फसवतेय. आधी महिनाभर पट्टा थोडा थोडा सैल करत आणला, मग काढला. तिला कळलं तर भीतीने पाय पुन्हा गुंततील. तेव्हा तुमचा चेहरा सांभाळा.”

मी चेहरा सांभाळला. सांभाळला नाही तो सासूबाईंनी, आणि तोही निव्वळ मायेपोटी. नात चालते असं ऐकून त्या रहिमतपूरहून आल्या. मूल चालू लागलं की गुळाच्या कणकेची छोटी पावलं तळून वाटायची, ही त्यांच्या माहेरची रीत. तो डबा घेऊनच आल्या. त्यांना अडवायच्या आत त्या खोलीत शिरल्या. गावच्या गिरणीचा पट्टा उभा जन्म पाहिलेली त्यांची नजर थेट यंत्राच्या मागे गेली.

“आगं, ह्याचा पट्टा तर खुट्टीला हाय,” त्या म्हणाल्या. “म्हंजी पोरगी आपली आपणच चालतीया व्हय?”

जुईने मान वळवून खुंटीकडे पाहिलं. पाहता पाहता तिचे पाय ताठरले, एकमेकांवर चढले, आणि ती जाकिटात आडवी लोंबकळली. सासूबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. जुईला खाली उतरवल्यावर तिने ताईंना एकच शब्द ऐकवला, “खोटारडी.”

“हो,” ताई म्हणाल्या. “खोटं बोलले.” समजूत नाही, कारणं नाहीत. त्यांनी खुंटीवरून पट्टा काढून तिच्या मांडीवर ठेवला. “हा आता तुझ्याकडे. लावायचा की नाही, तू सांगायचं.”

रोज सकाळी जुई म्हणे, “लाव.” ताई लावत. संध्याकाळी तो पट्टा पुन्हा तिच्या मनगटाभोवती. पेठेत नव्या हळदीची पोती कमी होत गेली, वळवाचे ढग येऊन गेले. जुईचं ‘लाव’ काही बदलेना. मी ताईंच्या विनवण्या केल्या... एकदा तरी जबरदस्ती करा, शाळा हातची जाईल.

“जाईल,” त्या म्हणाल्या. “पण मी तो पट्टा मागणार नाही.”

मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. आजही तो पुरता गेलेला नाही. असं बोलायला फार कोरडं काळीज लागतं असं वाटतं, आणि मग त्या कोरडेपणाचीच आठवण येऊन डोळे भरतात.

मे संपत आला असताना एका सकाळी जुईने पट्टा माझ्या पिशवीत टाकला. ताईंकडे न बघता म्हणाली, “मोटार पण बंद करा. उगाच आवाज होतो.”

शाळेच्या पहिल्या दिवशी ताई पहाटेच्या एसटीने साताऱ्याला आल्या. मधल्या दिवसांत जुईने ज्यावर सराव केला होता तो चार पायांचा वॉकर त्यांनी फाटकात तिच्या हाती दिला आणि मी तिच्यासमोर जाऊन उभी राहणार, तोच त्यांनी मला खांद्याला धरून गर्रकन वळवलं. “पाठ करा तिच्याकडे. तिला रस्ता बघू दे, तुमचा चेहरा नको.” त्याही वळल्या. आम्ही दोघी रस्त्याकडे तोंड करून उभ्या. मागे खडीवर वॉकरची खरखर... थांबली... पुन्हा खरखर... आणि मग पडल्याचा आवाज. माझं सगळं अंग वळलं. त्यांची बोटं खांद्यात रुतली. “उठतेय,” त्या म्हणाल्या, मागे न बघता. किती वेळ गेला कोण जाणे. मग पुन्हा खरखर, आणि व्हरांड्यातून मोठ्या बाईंचा आवाज, “घंटेच्या आत आली. बसू दे वर्गात.” ताईंनी हात काढला तेव्हा माझ्या पोलक्याचा खांदा घामाने ओला झाला होता. तो घाम त्यांचा होता.

परवा सांगलीला त्यांची शोकसभा होती. “मी एकटी जाते,” जुई म्हणाली. चौदा वर्षांची आहे ती आता, दोन काठ्यांवर चालते. स्टँडवर सांगलीची गाडी लागली, गर्दी दाराशी लोटली आणि ओसरली. तिने एक काठी पायरीवर टेकली. माझा हात पुढे गेलाच होता. कंडक्टर मागून म्हणाला, “आवं ताई, धरा की पोरीला. पायरी उंच हाय.”

मी पाठ फिरवली.

समोर वेळापत्रकाची रंग उडालेली भिंत, डिझेलचा दर्प. मागे पत्र्यावर काठी आपटल्याचा आवाज... मग घसरल्याचा... कुणीतरी म्हणालं, “सावकाश गं, बाळ.” मग काहीच नाही. माझ्या खांद्यात पुन्हा ती बोटं रुतली. भिंतीवरची गावांची नावं मी वाचत राहिले, लोणंद, मेढा, कोरेगाव, आणि एकही अक्षर आत शिरेना. डबल बेल वाजली. गाडीचा आवाज फाटकाबाहेर विरल्यावर मी वळले.

फलाटावर काकड्यांची टोपली घेतलेली एक बाई बसली होती. जुई नव्हती.